एक जूनचे गुरुजी

उंबरमाळात पंचेचाळिशीच्या आतलं कुणीही घ्या, जन्म एक जूनचा. सखा एक जून, त्याचा भाऊ केरू एक जून, केरूची बायको हौसा त्याच गावची म्हणून तीही एक जून. वर्षं तेवढी निरनिराळी. गावातल्या बायका भाताच्या आवणीत, दिवाळीत, शिमग्यात, सोयीने आणि गैरसोयीने बाळंत होत होत्या, पण शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलं तर वाटावं की बाकीचे अकरा महिने या गावात पाळणाच हलत नाही. ही सगळी किमया त्र्यंबक गुरुजींची होती.

रोह्याजवळच्या निडीपासून डोंगराच्या अंगाला तासभर चालत गेलं की उंबरमाळ लागतं. गुरुजी तिथे एकोणपन्नास साली शिक्षक म्हणून आले. मधली सहा वर्षं नागोठण्याकडे बदली झाली तेवढी सोडली, तर सगळी नोकरी त्यांनी त्याच शाळेत काढली. राहायला मात्र रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीत. जून उजाडला की आया पोरांना बखोटीला धरून शाळेत आणायच्या. गुरुजी विचारायचे, "कधीचं पोर?" उत्तर यायचं, "भात झोडत होतो ना, तवाचं." किंवा, "आमची तांबडी गाय मेली, तिच्या दुसऱ्या दिवशीचं." आता सरकारला काही तांबडी गाय चालत नाही. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की पोर शाळेच्या वयाचं झालं असं समजायचे आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे.

एवढ्यावर थांबले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्या काळात खेडोपाडी हेच चालायचं. पण गुरुजी पडले परोपकारी. ते तारखेबरोबर वर्षातही हात घालायचे. पोर सहा-साडेसहाचं असलं तरी पाच पुरी एवढंच लिहायचे. "उद्या सरकारी नोकरीला लागला तर दीड-दोन वर्षं जास्त खाईल," असं आईबापांना समजावून सांगायचे, आणि आईबाप हात जोडायचे. भात आणि वाल यांपलीकडे पीक न पाहिलेल्या त्या गावातून सरकारी नोकरीला लागले अवघे तिघे: एक एस.टी.त, एक जंगलखात्यात, एक पोस्टात. बाकी सगळ्यांची गुरुजींनी वाचवलेली वर्षं शेताच्या बांधावरच संपली.

हे शहाणपण त्यांना घरातून मिळालं होतं. घराणं पेणचं, जमीनजुमल्याचं. गौरी-गणपतीच्या दिवसांत, सन सत्तावीस साली जन्मलेल्या त्र्यंबकाला शाळेत घालताना काकांनी दोन वर्षं खाली उतरवली, आणि पोरगा कागदावर एकोणतीस सालच्या एक जूनला जन्मला. गुरुजींना याचं कधी काही वाटलं नाही. दाढी करताना आरशात दिसतं ते एक वय आणि सर्व्हिस बुकात असतं ते दुसरं, एवढंच त्यांच्या लेखी होतं.

उंबरमाळातली निम्मी शेती एके काळी याच घराण्याची. वाल निघाले की कुळांनी पहिली पोती पेणला नेऊन टाकायची असा रिवाज होता. पुढे कुळकायदा आला, जमीन कुळांच्या नावावर गेली, आणि गुरुजींच्या काकांनी सहा महिने अंथरूण धरलं. गुरुजींनी मात्र मनात काही ठेवलं नाही, हे कबूल करायला हवं. पगार होता, अष्टमीत दोन खोल्या होत्या, शिकवण्याची हौस होती. सखाचा बाप त्यांच्या घराण्याचं कूळ. सखा स्वतः गुरुजींच्या पहिल्या तुकडीतला, चौथीपर्यंत शिकलेला. बाप गेल्यावर त्याने एक नवीनच रिवाज पाडला. दर माघात नवे वाल निघाले की एक पोतं डोक्यावर घेऊन तो अष्टमीला यायचा. कायद्याने आता त्याच्याकडे कुणी दाणाही मागू शकत नव्हतं. गुरुजींची बायको श्यामलाबाई म्हणायच्या, "कशाला रे एवढं?" तो म्हणायचा, "बापाचं जबरीनं न्यायचे. माझं मी देतो. चव येगळी लागंल बघा." आणि खरोखरच ती वेगळी लागायची.

या सखाची मुलगी मैना. पंचाहत्तरच्या जूनमध्ये तिची आई तिला घेऊन शाळेत आली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, आईने सांगितलं, "पोपटीच्या दिवसांतली. वालाला शेंगा भरलेल्या." म्हणजे शेतात मडकी लावून त्यांत वालाच्या शेंगा भाजायचे दिवस, एकोणसत्तरचा जानेवारी, फार तर फेब्रुवारी. पोर चांगलं साडेसहाच्या घरातलं होतं. गुरुजींनी लिहिलं, एक जून एकोणीसशे सत्तर. वर आईला सांगितलं, "पोरगी हुशार दिसतेय, दीड वर्ष हाताशी असू दे."

पोरगी नुसती हुशार नव्हती. पहिलीच्या दिवाळीपर्यंत ती चौथीचं पुस्तक वाचायला लागली. गुरुजींनी तिला दुसरीत बसवलंच नाही, थेट तिसरीत नेलं. हा त्यांचा तिच्यावरचा दुसरा उपकार. दोन उपकार एकमेकांच्या पायात पाय घालून पडणार आहेत, हे तेव्हा ना त्यांना कळलं ना कुणाला.

माध्यमिक शाळेला मैना रोह्यात आणि अकरावी-बारावीला पेणला आत्याकडे होती. सुट्टीला आली की अष्टमीत गुरुजींकडे डोकावल्याशिवाय घरी जायची नाही. पाणी शंभर अंशांनाच का उकळतं आणि डोंगरावर त्याच्या आधी का, असले प्रश्न ती घेऊन यायची. गुरुजी जुनी पुस्तकं काढून बसायचे, आणि निम्म्या वेळा तीच त्यांना समजावून उठायची. गुरुजींना त्याचा अभिमान होता. पुलावर भेटेल त्याला सांगायचे, "माझी विद्यार्थिनी आहे."

मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या विज्ञान संस्थेची जाहिरात गुरुजींनीच वर्तमानपत्रात पाहिली. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सगळ्या देशातून चाळीस जागा, आणि ज्याला जागा मिळेल त्याचं राहणं, जेवण, पुस्तकं सगळं संस्थेकडे. सखा पोरीला शिकायला मुंबईला धाडेल तर अशाच ठिकाणी धाडेल, एरवी नाही, हे गुरुजींना ठाऊक होतं. त्यांनीच अर्ज मागवला आणि आपल्या टाकाने, ठसठशीत अक्षरात भरला. जन्मतारखेच्या रकान्यात शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक जून सत्तर लिहिताना त्यांचा हात जराही थबकला नाही. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. गुरुजींनी त्यातली पहिली दोन पानं वाचली आणि बाकीची विश्वासावर सोडली.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मैनाने मुंबईला जाऊन परीक्षा दिली. चार हजार मुलं बसली होती. जूनच्या अखेरीस पत्र आलं. ते घेऊन सखा आणि मैना भर पावसात अष्टमीला आले. सखाने पत्र इरल्याखाली छातीशी धरून आणलं होतं, त्यामुळे त्याचा एकही कोपरा भिजला नव्हता.

"गुरुजी, पोरीचा नंबर लागला म्हणत्ये. पण रडत्ये कशापायी ते सांगत नाय. तुमीच वाचा."

गुरुजींनी चष्मा लावला. चाळिसांत मैनाचा तेविसावा क्रमांक होता. खाली लिहिलं होतं की प्रवेशासाठी एक जुलैला सतरा वर्षं पूर्ण असावी लागतात. दाखल्याप्रमाणे उमेदवाराचं वय सोळा वर्षं एक महिना आहे. सबब प्रवेश देता येत नाही. प्रवेश फक्त त्याच वर्षी बारावी झालेल्यांना असल्याने पुढच्या वर्षीचा प्रश्न नव्हता. जन्मतारखेच्या नोंदीत चूक झाली असल्यास शिक्षणाधिकाऱ्यांची दुरुस्तीची मंजुरी पंधरा जुलैपर्यंत सादर करावी, अशी शेवटची ओळ होती.

"सतरा?" सखा म्हणाला. "सतरा कवाच झाली. माघात अठरावं लागलं की तिला."

"रजिस्टरात सोळा आहेत," गुरुजी हळूच म्हणाले.

"मग ते काढून टाका, गुरुजी. तुमचंच तर अक्षर हाय."

त्याच्या लेखी हे इतकं सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर ते तितकंच सोपं होतं. गावात जन्माची दुसरी नोंद कुठेच नव्हती. मुख्याध्यापकाने, म्हणजे गुरुजींनीच, एवढंच लिहून द्यायचं होतं की सदर तारीख मी अंदाजाने लिहिली, ती चुकीची आहे. त्यावर अलिबागच्या जिल्हा कार्यालयात मंजुरी होणार होती. गुरुजी म्हणाले, "देतो. आजच लिहितो. तुम्ही निर्धास्त जा." मैनाने डोळे पुसले आणि वाकून नमस्कार केला. श्यामलाबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली.

त्याच दुपारी गुरुजींनी कागद पुढे ओढला. पहिला मसुदा झाला तो असा: पालकांच्या अज्ञानामुळे तारीख चुकीची सांगण्यात आली. वाचून त्यांची त्यांनाच लाज वाटली. सखाच्या बायकोने पोपटीचे दिवस सांगितले होते, अज्ञान कुठलं? तो कागद फाडून त्यांनी दुसरा लिहिला. त्यात खरं ते लिहिलं, सही केली, तारीख घातली. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि तसेच उठून ते टपालपेटीकडे गेले असते तर ही हकिगत इथेच संपली असती.

पण गुरुजींनी आधी विचारून घ्यायचं ठरवलं. सरकारी माणूस शिंकण्याआधीसुद्धा कुणाला तरी विचारून घेतो. रोह्यात शिक्षण विभागात कमळाकर नावाचा कारकून होता, गुरुजींच्या ओळखीचा. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"पोरीचं काम होईल, गुरुजी," तो म्हणाला. "आठ दिवसांत होईल. पण साहेब नवे आहेत. एक नोंद चुकीची म्हटलीत की ते पूर्ण रजिस्टर मागवतील. तुमच्या रजिस्टरात काय आहे ते मला सांगायला लावू नका. पानोपानी एक जून. मग विचारतील, या गुरुजींची स्वतःची तारीख काय? ती पण एक जून. रिटायर कधी होताय तुम्ही?"

"पुढच्या मे अखेर."

"खरे कधी व्हायला हवे होतात?"

गुरुजींनी कागदाची आणखी एक घडी घातली. कमळाकर हसला. वाईट मनाचा माणूस नव्हता तो. "पेन्शनचे कागद आता निघतील तुमचे. आ बैल मुझे मार कशाला करता? तुम्ही ठरवा बुवा. मी काही पाहिलं नाही."

पूल ओलांडून परत येताना गुरुजींच्या मनात पहिल्यांदा ते आलं. गेल्या गणपतीतच आपली निवृत्तीची अठ्ठावन्न पुरी झाली. म्हणजे गेले नऊ महिने आपण ज्या खुर्चीवर बसतोय ती खुर्चीच मुळी काकांनी लिहवलेल्या दोन वर्षांतली. ते कुंडलिकेच्या गढूळ पाण्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी तो कागद पंचांगात ठेवला आणि पंचांग फळीवर ठेवलं. दोन दिवस विचार करून पाठवू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

लोक पुढे म्हणाले की जुन्या जमिनीचा सूड उगवला. छे! सूड उगवायला काळीज लागतं, आणि सुडात निदान समोरच्या माणसाची आठवण तरी असते. हे नुसतं भय होतं, शेंगदाण्याएवढं. झालं असतं काय फार तर? एक ताकीद मिळाली असती, पेन्शन चार-सहा महिने रखडली असती, निरोपाच्या समारंभाला एखादा साहेब आला नसता. तेवढ्यासाठी या माणसाने पोरीचं आयुष्य फळीवर ठेवलं.

सखा दर दोन दिवसांनी यायचा. आवणीचे दिवस, पाय चिखलात रुतलेले, पण अष्टमीपर्यंत चालत यायचा आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहून विचारायचा, "आलं का गुरुजी अलिबागहून काय?"

पहिल्या वेळी गुरुजी म्हणाले, "पाठवायचं आहे." दुसऱ्या वेळी म्हणाले, "पाठवलं." ते तोंडातून इतकं सहज निघालं की त्यांना स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "सरकारी काम आहे सखा, वेळ लागतो." सखा मान डोलवायचा. सरकारी कामाला वेळ लागतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जाताना तो श्यामलाबाईंना म्हणायचा, "वैनी, गुरुजींना आमचा लई तरास होतोय."

दहा जुलैला श्यामलाबाईंनी आषाढी कुठल्या वारी येते ते पाहायला पंचांग उघडलं. कागद खाली पडला. त्यांनी वाचला, आणि नवरा शाळेतून येईपर्यंत हातात धरून तशाच बसून राहिल्या.

"हे काय आहे?"

"ते... जरा विचार चाललाय."

"कसला? पाठवलं म्हणून सांगितलंत ना त्याला? माझ्यादेखत सांगितलंत."

"अगं, रजिस्टर मागवतील. माझी तारीख उघडी पडेल. दहा महिने राहिलेत."

"तुमचे दहा महिने. आणि तिचे?" श्यामलाबाई कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. "अजून पाच दिवस आहेत. मी जाते पोस्टात. द्या."

"नको," गुरुजी म्हणाले. "मी उद्या स्वतः अलिबागला जातो."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच धोतर नेसून, छत्री घेऊन एस.टी. स्टँडवर गेले. अलिबागची गाडी लागली. माणसं चढली, कंडक्टरने घंटी मारली, गाडी गेली. गुरुजी बाकावर बसून होते. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "दिलं." श्यामलाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी धोतराच्या निऱ्यांकडे पाहिलं. एस.टी.च्या प्रवासात चुरगळल्याची एकही खूण त्यांवर नव्हती. त्या आत निघून गेल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं नवऱ्याशी बोलणं मिठा-पिठापुरतं उरलं.

सखालाही गुरुजींनी तेच सांगितलं, अलिबागला जाऊन कागद हाती दिला. चौदा तारखेला मैना बापाला न सांगता एकटी अलिबागला गेली. कचेरीतल्या बाईंनी तिला आवक रजिस्टर दाखवलं. जूनच्या अखेरीपासूनचं एकेक पान तिने बोट फिरवत वाचलं. पेण होतं, रोहा होतं, मुरूड होतं. उंबरमाळ कुठेच नव्हतं. ती तशीच परत फिरली आणि थेट अष्टमीला आली. गुरुजी ओटीवर बसले होते.

"गुरुजी, आवक रजिस्टरात तुमच्या पत्राची नोंद नाय."

गुरुजी म्हणाले, "टपालात कुठे तरी गहाळ झालं असेल."

"तुम्ही हाती दिलं म्हणालात ना?"

गुरुजींनी पंचा उचलून तोंड पुसलं. मैना त्यांच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं ज्या डोळ्यांत प्रश्न असायचे त्यांत आता एकही प्रश्न नव्हता. अजून एक दिवस होता, कागद आतल्या फळीवर होता, आणि ओटीपासून फळी दहा पावलांवर होती. गुरुजींना ते सगळं कळत होतं. त्यांनी विचारलं, "चहा घेतेस का?"

"नको," ती म्हणाली. मग पायरी उतरताना थांबली. "बाबाला मी काय नाय सांगणार. त्याला आजवर एकच माणूस मोठा वाटत आला."

पंधरा तारीख आली आणि गेली. गुरुजींनी सखाला सांगितलं की अलिबागने मंजुरी नाकारली. सखा म्हणाला, "तुमी केलंत तेवढं कोण करतंय. पोरीच्या नशिबातच नव्हतं." गुरुजींनी मान खाली घातली. सखाला वाटलं, गुरुजींना पोरीचं दुःख झालं. झालंही असेल. खोटं बोलणाऱ्याला दुःख होत नाही असं थोडंच आहे.

पेणला किंवा रोह्याला बी.एस्सी. करता आलं असतं, पण चार पैसे मिळवणारा दुसरा हात घरात नव्हता, आणि मुंबईचं हुकल्यावर मैनाच्या जिभेवरून शिकण्याची गोष्टच गेली. रोह्याबाहेर धाटावच्या एका कंपनीत तिला काम मिळालं, तेही प्रयोगशाळेत. काचनळ्या आणि चंचुपात्रं धुण्याचं. सकाळची शिफ्ट असली की ती पहाटे घर सोडायची. एकदा पुलावर गुरुजींच्या समोर आली. हातांना ॲसिडचे पांढरे डाग पडले होते. तिने नमस्कार केला, पूर्वीसारखाच. पुढच्या वेळी ती दुरून येताना दिसली तेव्हा गुरुजी पानवाल्याच्या दुकानात शिरले. ते पान खात नसत.

त्या माघातही सखा वालाचं पोतं घेऊन आला. श्यामलाबाईंनी ते उतरवून घेतलं, त्याला चहा दिला, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्या वर्षी त्यांनी त्या वालांचं बिरडं केलं ते नवऱ्याच्या ताटात वाढलं, स्वतःच्या नाही.

एकतीस मे सत्त्याऐंशीला, रविवारी, उंबरमाळच्या शाळेत गुरुजींचा निरोप समारंभ झाला. साहेब आले. शाल झाली, नारळ झाला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. सखाने उभं राहून सांगितलं, "गुरुजींनी या गावाला अक्षर दिलं," आणि पुढचं काही बोलता न येऊन तो खाली बसला. साहेब लवकर निघाले. मागे गावचे पंधरा-वीस लोक, गुरुजी आणि त्यांच्या जागेवर आलेले पेणचे तरुण शिक्षक उरले. चार्ज द्यायचा राहिला होता.

चार्ज म्हणजे यादी: बाकं अकरा, फळे दोन, घंटा एक, नकाशे चार, जनरल रजिस्टर एक. खाली छापील मजकूर होता, देणाऱ्याने सही करायची: वरील दप्तर सुस्थितीत असून रजिस्टरातील सर्व नोंदी खऱ्या व बरोबर आहेत. गुरुजींनी सही केली. नव्या शिक्षकांनी सही केली. मग दोन साक्षीदार हवे होते. शाळा समितीचा म्हणून सखा पुढे झाला. चौथीत शिकलेलं आपलं नाव त्याने एकेक अक्षर जोडत लिहिलं.

"दुसरं कोण? चांगलं शिकलेलं असलं तर बरं," नवे शिक्षक म्हणाले.

सगळे एकदम म्हणाले, "मैना." ती मागे बायकांत उभी होती. पुढे आली, पेन घेतलं, नाव लिहिलं. पुढचा रकाना वयाचा होता. तिथे तिचा हात थांबला.

"सर, साक्षीदार किती वर्षांचा लागतो?"

"अठरा पूर्ण. का?"

"मग मी नाय चालणार."

सखा हसला. "काय बोलतेस गो? अठरा कवाच झाली. पोपटीच्या दिवसांत झालीस तू. मी सुईणीला आणायला गेलो, तवा शेतात मडकी लागलेली."

"रजिस्टर उघडा, सर," मैना म्हणाली.

नव्या शिक्षकांनी पंचाहत्तर सालचं पान काढलं. "एक जून सत्तर," त्यांनी वाचलं. "म्हणजे आज सोळा. उद्या सतरा."

"आणि खाली गुरुजींनी लिहून दिलंय की नोंदी खऱ्या आहेत." ती गुरुजींकडे वळली. तिचा आवाज वर्गात उत्तर देताना असायचा तसाच होता. "मी अठरा लिहिलं तर गुरुजी खोटे पडतात. सोळा लिहिलं तर मला सही करता येत नाय. गुरुजी, तुम्हीच सांगा. काय लिहू?"

गुरुजींच्या खांद्यावर नवी शाल होती आणि मे महिन्याच्या उकाड्यात ती काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. साहेब गेले होते, पेन्शनचे कागद पुढे सरकले होते, आता भ्यायला खरं तर काही उरलं नव्हतं. अठरा लिही, एवढे दोन शब्द. गुरुजींनी ओठ ओले केले. त्यांनी यादीकडे पाहिलं, आपल्या ताज्या सहीकडे पाहिलं.

"केरूला बोलवा," ते म्हणाले. "तो करील सही."

मैनाने पेनाचं टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर गेली. केरू पुढे आला. सखा तिथेच उभा होता. यादीवरचा तो छापील मजकूर तो बोट ठेवून वाचत होता, एकेक शब्द, ज्या माणसाने वाचायला शिकवलं त्याच्यासमोर. शेवटच्या शब्दावर त्याचं बोट बराच वेळ राहिलं. मग त्याने रजिस्टरातली ती ओळ पाहिली, गुरुजींचं ठसठशीत अक्षर पाहिलं, आणि वर न बघता विचारलं, "तुमी अलिबागला काय लिवलं होतं, गुरुजी?"

गुरुजी म्हणाले, "आता ते कशाला काढतोस, सखा."

सखाने मान डोलवली, आणि टोपी डोक्यावर घालून तो पोरीच्या मागे गेला.

पेन्शन वेळेवर सुरू झाली. पावसाळा गेला, भात झालं, थंडी पडली. माघ आला तशा श्यामलाबाई सकाळी दार उघडलं की पुलाच्या बाजूला बघायच्या. अष्टमीतल्या दुकानांत नवे वाल आले, महाग होते ते उतरले, तरी पोतं आलं नाही. महाशिवरात्र उलटून गेल्यावर एके दिवशी त्यांनी बिरडं केलं. गुरुजींनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सखा येऊन गेला वाटतं?"

"नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "बाजारातले आहेत."